उजवा खांदा

दुकानात आले की बापू आधी माझ्याकडं पाहायचेच नाहीत. सरळ आरशासमोर जायचे. टोपी काढायची, खिशातला कंगवा उरल्यासुरल्या केसांतून फिरवायचा, टोपी पुन्हा घालायची, मान जराशी वर करायची आणि आरशातल्या आरशातच मला विचारायचं, "पोरी, बराबर दिसू राह्यलो का?"

"बिलकुल बराबर, बापू."

"मंग ठीक." एवढं बोलून ते बाकावर बसायचे. फोटो काढायचा नसायचाच. ऊन उतरेपर्यंत बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं बघायचे आणि उठून घरी जायचे.

तीर्थपुरीच्या बाजारात आमचा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी चालवते. मोबाइल आल्यापासून माणसं फोटो काढायला कमी आणि झेरॉक्सला जास्त येतात. त्यामुळं बापूंसारखा रोजचा पाहुणा मला जड नव्हता. तुमच्याही गल्लीत असा कुणीतरी असेलच. काम काही नसतं, पण एक दिवस दिसला नाही तर आपण दारातून डोकावतो.

बापू अंकुशनगरच्या साखर कारखान्यात गेटवर वॉचमन होते. रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या बांधल्या. गेटवर उभं राहून राहून पाठीचा कणा असा ताठ झालेला, की बाकावर बसले तरी उभे असल्यासारखेच वाटायचे. कपड्यांचा भारी शौक. धोतराला नीळ, शर्टाला इस्त्री. बायको होती तोवर ती करायची, ती गेल्यावर स्वतः करायला लागले.

बायको गेली आणि घराचे दोन भाग झाले. थोरला मुलगा वाटूरच्या पुढं गावाकडं शेती करतो, धाकटा पुण्यात कंपनीत आहे. आईच्या तेराव्यालाच मोसंबीच्या बागेवरून दोघांची जुंपली. बांध कुठं घालायचा आणि विहीर कुणाच्या हिश्शाला, यावर बोलता बोलता एकाचा हात दुसऱ्याच्या गचांडीला गेला. पाहुण्यांनी सोडवलं. तेव्हापासून दोघं एकमेकांच्या सावलीला उभे राहत नाहीत. ही हकीगत बापूंनी मला एकदाच सांगितली, तीही रस्त्याकडं बघत.

एका गणपतीत ते आले आणि आरशाकडं न जाता माझ्यासमोर उभे राहिले.

"फ्यामिली फोटो काढायचा हाय. दिवाळीच्या पाडव्याला. दोघंबी पोरं येणारेत, सुना, लेकरं, सगळे."

"दोघंही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"दोघंबी," बापू म्हणाले. "मी म्हणलं, मला दुसरं काही नगं. फराळ नगं, कपडे नगं. एक फोटो पाह्यजे. न्हाई कसं म्हणतील?"

त्या दिवसापासून बापूंची तयारी सुरू झाली. फोटोत चांगलं दिसायला काय काय करावं लागतं, ते रोज एकेक करून मला विचारायचे. मी सांगितलं, सगळ्यांनी फिक्या, साध्या रंगाचे कपडे घाला, फुलाफुलांचे नको. चेहरे उठून दिसतात. बापूंनी माझ्यासमोरच दोन्ही सुनांना फोन लावले. "हां, सायीसारखा रंग. साय म्हाईत हाय ना? तसा. डिझाईन बिलकुल नगं, फोटोवाल्या बाईनं सांगितलंय." मी सांगितलं, केस आदल्या दिवशी कापू नका, टाळू पांढरी दिसते, चार-सहा दिवस आधी कापा. तर त्यांनी न्हाव्याला जाऊन तारीखच सांगून ठेवली. चष्म्याच्या काचा चमकतात म्हटल्यावर चष्मा काढून, लावून, नाकावर खाली घेऊन, तीन तऱ्हा करून पाहिल्या.

खरा प्रश्न दातांचा होता. बापूंनी जालन्याहून कवळी करून आणली होती, पण ती तोंडात कमी आणि खिशातल्या डबीत जास्त असायची. फोटोसाठी मात्र लावायची ठरली. मग रोज आरशासमोर कवळी लावून हसण्याचा सराव. थोडं हसले की ओठ मिटेनात, जास्त हसले की आपणच दचकायचे.

"पोरी, हे मी हसू राह्यलो का दात हसू राह्यले?"

"आत्ता दात हसतायत, बापू. जरा कमी."

"आता?"

"आता रडल्यासारखं होतंय."

"अवघड काम हाय बुवा," म्हणत ते कवळी डबीत ठेवायचे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे. पंधरवड्यात त्यांना ते जमलं. बेताचं हसू, ना कमी ना जास्त. जमलं त्या दिवशी त्यांनी मला भजे खाऊ घातले. स्वतः खाल्ले नाहीत, कवळी तोंडात होती.

कोण कुठं उभं राहील हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. आपण मधे खुर्चीवर. उजव्या अंगाला थोरला, डाव्या अंगाला धाकटा, दोघांचा एकेक हात आपल्या खांद्यावर. सुना मागं, लेकरं पायापाशी. "आन् ही माझ्या मागं," असं एकदा बोलून गेले. बायकोचा एकही फोटो त्यांच्याकडं नव्हता, आधार कार्डावरचा सोडून.

पाडव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बापू आले तेव्हा चेहऱ्यावर ते हसू नव्हतं. थोरल्याचा फोन आला होता. धाकटा येणार असेल तर मी सकाळीच येऊन जातो, म्हणाला.

"मग काय म्हणालात?"

"काय म्हणणार? ये म्हणलं."

पाडव्याला मी दुकान उघडलं तेव्हा बापू पायरीवर उभे होते. पांढरंशुभ्र धोतर, सायीच्या रंगाचा नवा नेहरू शर्ट, वर काळं जाकीट. खरं सांगते, इतका रुबाबदार माणूस आमच्या कॅमेऱ्यासमोर त्याआधी बसला नव्हता. थोरला आला बायको आणि दोन मुलं घेऊन. रापलेला, अबोल माणूस. सगळ्यांचे कपडे सायीच्या रंगाचे. बापूंनी दाखवलेल्या जागी तो उभा राहिला आणि त्यानं वडिलांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. बापू हसले, सरावातलंच हसू. फोटो उत्तम आले.

थोरला निघाला तेव्हा बापू खुर्चीवरून उठले नाहीत. "जरा थांब की," एवढंच म्हणाले.

"बैलाला औषध द्यायचंय, बापू. जल्दी जावं लागतं." त्यानं वाकून पाया धरले आणि गेला.

धाकटा दुपारनंतर आला. तोवर बापू त्या खुर्चीवरच बसून होते. मी घरून करंज्या, चिवडा आणला. नको म्हणाले, शर्टावर डाग पडेल. पाठ टेका म्हटलं, तर जाकिटाला चुण्या पडतील. पडद्यासमोरचे दिवे मी बंद केले होते. त्या अर्धवट उजेडात ते एकटेच, दोन्ही हात मांडीवर ठेवून, दाराकडं तोंड करून बसलेले. बाहेर लेकरं टिकल्या फोडत होती. मी आत-बाहेर करत होते.

धाकटा बायको-मुलीला घेऊन आला आणि मी पाहतच राहिले. त्यांचेही कपडे सायीच्या रंगाचे! दोन्ही घरांनी म्हाताऱ्याचं तेवढं ऐकलं होतं.

धाकटा येऊन उजव्या अंगाला उभा राहिला. बापू हळूच म्हणाले, "तू डाव्या अंगाला हो ना रे."

"का?"

"तुझी जागा तिकडं हाय."

धाकट्यानं मोकळ्या खोलीकडं एकदा पाहिलं. "इथं दुसरं कोण आहे, बापू?" असं म्हणून त्यानं उजव्याच खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "इकडं बघा." बापूंनी बघितलं आणि हसले.

त्यानंतर चार दिवसांनी ते पुन्हा आले. बराच वेळ बाकावर बसून मग म्हणाले, "पोरी, कंप्युटरवर दोन फोटोंचा एक करता येतो म्हणं."

मी हेच डोक्यात घेऊन बसले होते. "येतो की बापू. तुम्ही दोन्हीत एकाच जागी आहात. सकाळपासून हललाच नाहीत ना."

"म्हणूनच न्हाई हललो," बापू म्हणाले.

मी दोन्ही फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकावर एक ठेवले. बापू बापूंवर अगदी नेमके बसले. टोपी, जाकीट, हसूसुद्धा. सगळे एकाच रंगात, जणू एकत्रच उभे होते. फक्त एक अडचण होती. दोघं भाऊ उजव्याच अंगाला आले होते आणि उजव्या खांद्यावर दोघांचे हात, एकावर एक.

बापू खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकले.

"धाकट्याला डावीकडं नेते," मी म्हटलं. नेलं, तर त्याचा हात हवेत राहिला. म्हणून त्याची आकृती उलटी केली. हात डाव्या खांद्यावर बरोबर बसला. मला वाटलं, जमलं.

बापूंनी पडद्यावर बोट ठेवलं. "त्याच्या कपाळावरची खूण तिकडं गेली. मोसंबीवरून पडल्ता, एवढासा व्हता. रक्त थांबंना. मीच काखेत घालून दवाखान्यात पळत नेल्तं." मग मान हलवून म्हणाले, "हा माझा धाकटा न्हाई दिसत."

मी आकृती पुन्हा सरळ केली. "मग एकच उपाय आहे, बापू. एकाला डावीकडं नेऊन त्याचा हात पुसून टाकावा लागेल. कुणाला कळणार नाही. कुणाचा पुसू?"

बापू पडद्याकडं पाहत राहिले. मी माउसवर हात ठेवून थांबले होते.

"राहू दे," शेवटी म्हणाले. "दोन्ही येगयेगळेच दे."

दोन्ही फोटो कागदात गुंडाळून ते घेऊन गेले. भिंतीवर लावल्याचं मी कधी पाहिलं नाही. दुकानात येणंही हळूहळू कमी झालं. हिवाळ्यात गुडघे धरले, एकट्यानं राहणं होईना, आणि एक दिवस त्यांच्या दाराला कुलूप दिसलं. मुलांनी त्यांची वाटणी केली होती. काही महिने गावाकडं, काही महिने पुण्याला.

आता बापू नाहीत. पुण्यालाच गेले. मला ते शेवटचे दिसले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात. मंठ्याकडं एका लग्नाची ऑर्डर होती म्हणून मी निघाले होते आणि वाटूर फाट्यावर चहाला थांबले. टपरीच्या बाकड्यावर बापू बसलेले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, पायाशी पिशवी. मला पाहून त्यांनी आधी हातानं तोंड झाकलं. कवळी नव्हती.

"बापू, इथं कुठं?"

"थोरल्यानं सोडलं सकाळी. धाकटा न्यायला येऊ राह्यला."

टपरीवाला कप विसळत म्हणाला, "बाबा नेहमी इथंच बसतात, ताई. एक जण सोडून जातो, मंग दुसरा येतो. गावात गाडी न्हाई नेत तो पुण्यावाला."

मी दोन चहा घेतले. बापूंनी दुकानाचं विचारलं, माझ्या वडिलांचं विचारलं. त्यांच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं, ते दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"जेवला नाहीत का अजून?"

"सुनंनं भाकरी दिल्यात, थोरलीनं. ठेचा हाय, सासूनं शिकवलेला, बेसन हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "धाकटा पुण्याहून निघतो तो वाटंत काही खात न्हाई. त्याच्यासाठी ठेवल्यात. पण त्याला सांगायचं न्हाई कोणाच्या घरच्या ते."

तेवढ्यात गाडी आली. धाकटा उतरला, पिशवी उचलून डिकीत टाकली. मला ओळखलं, हसला. फार थकलेला दिसत होता. बापूंनी फडकं पुढं केलं.

"खाऊन घे दोन घास."

"कुणी दिलं?"

"ह्या टपरीवाल्यानं बांधून दिलंय," बापू म्हणाले. टपरीवाला कप विसळतच राहिला.

धाकटा भुकेला होता. बॉनेटवर फडकं सोडून उभ्या-उभ्याच त्यानं भाकरी मोडली, ठेच्याला लावली आणि घास तोंडात घातला. दोनदा चावला आणि थांबला. फडक्याकडं पाहिलं, मग वडिलांकडं पाहिलं. बापू दुसरीकडंच, रस्त्याकडं बघत होते.

खाली मान घालून धाकट्यानं ती भाकरी संपवली आणि दुसरी उचलली.