घरी वाचायचा धडा

आमच्या शाळेच्या शास्त्राच्या पुस्तकात प्रजननसंस्थेचा एक धडा होता. तो आला की बाई घसा साफ करून म्हणायच्या, "हा घरी वाचा," आणि पुढचा धडा सुरू करायच्या. नवऱ्याच्या शाळेतही हेच. आता घरी तो धडा कोण वाचणार, आणि कुणासमोर? त्यामुळे ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावी दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये एक केमिकल इंजिनिअर आणि एक स्टॅटिस्टिक्स शिकलेली बाई आपल्याला मूल का होत नाही म्हणून काळजी करत बसली होती, आणि पुरुषाच्या शरीराबद्दलचं दोघांचं मिळून ज्ञान यथातथाच होतं.

तपासण्या सगळ्या माझ्या झाल्या. रक्त झालं, नळ्यांचा एक्स-रे झाला. पहिल्याच भेटीत डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याचीही तपासणी सांगितली होती. आम्ही समजलो, अमेरिकेत सगळं नियमाप्रमाणे करायची पद्धत असते, म्हणून सांगतात. तो धडधाकट, टेनिस खेळणारा माणूस. त्याला काय होणार? प्रत्येक वेळी तो मला ड्राइव्ह करून न्यायचा, बाहेर मासिक चाळत बसायचा आणि परतताना आइस्क्रीम घेऊन द्यायचा. इतका प्रेमळ, पण कधी आपणही उठून आत जावं हे त्याच्या डोक्यात येईना. तेव्हा माझ्याही आलं नव्हतं. तरी आजही आठवलं की मला त्याचा थोडा राग येतो.

त्या उन्हाळ्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. सामानात शतावरी कल्प आणि देवीचा अंगारा होता. रोज सकाळी कल्प घातलेलं दूध माझ्यासमोर यायचं, तेही इतक्या मायेने की नको म्हणायची सोय नव्हती. एका शनिवारी कुणाकडे तरी जेवायला जमलो असताना त्यांनी चार काकूंना सांगितलं की हिच्यात थोडं कमी आहे, पण होईल हळूहळू. मी हातातली कोशिंबीर घेऊन मागेच उभी होते. घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, या आठवड्यात अपॉइंटमेंट घे, नाहीतर तुझ्या आईचं दूध तू पी.

त्याने घेतली, पण तासाभराच्या अंतरावरच्या गावात. जवळच एक मराठी डॉक्टर होते, पण गणपतीत त्यांच्या शेजारी उभं राहून आरती म्हणायची होती ना!

तिथल्या गोऱ्या डॉक्टरांनी तपासून झाल्यावर मलाही आत बोलावलं आणि टेबलावर प्लॅस्टिकचं एक मॉडेल ठेवलं. नवरा आधी खिडकीबाहेर पाहत होता. डॉक्टर सांगू लागले: शुक्राणू वृषणात तयार होतात. मागच्या बाजूला गुंडाळलेल्या बारीक नळीत, म्हणजे अधिवृषणात, ते मुरतात. तिथून शुक्रवाहिनी वर पोटात चढते, मूत्राशयाला मागून वळसा घालते आणि प्रोस्टेटमधून मूत्रमार्गाला मिळते. नळ्या आणि वळणं ऐकल्यावर आमच्या इंजिनिअरची मान वळली. लाज कुठल्या कुठे पळाली. त्याने मॉडेल हातात घेऊन विचारलं, हा कारखाना असा बाहेर का लटकवलाय? डॉक्टर खूश झाले. म्हणाले, शरीराच्या उष्णतेत हा माल नीट बनत नाही, थोडा गारवा लागतो. तुमच्या डाव्या बाजूच्या शिरा फुगल्यात, रक्त तिथे साचतं, गारवा राहत नाही. लहानसं ऑपरेशन करावं लागेल.

ऑपरेशन झालं आणि पुढे आम्हाला मुलगी झाली, हे आताच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. मला घोर वेगळाच होता. त्या दिवशी डॉक्टरांकडून परतताना हायवेवर तो म्हणाला, "आईला काही सांगायलाच हवं का?" मी रेडिओ लावला. तोंड उघडलं असतं तर रडले असते. मला मूल हवं होतं, पण त्या क्षणी त्याहून जास्त हे हवं होतं की त्याने आईला स्वतःच्या तोंडाने सांगावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांबरोबर माझं दूध आलं. नवऱ्याने पेला बाजूला सरकवला, ऑफिसचं पिवळं पॅड ओढलं आणि आकृती काढायला लागला. आपल्या भाषेत या अवयवांना एक तर शिवीतले शब्द आहेत, नाहीतर पुस्तकातले. त्याने पुस्तकातले घेतले. कान लालबुंद झाले होते, पण बाण अचूक काढत होता. वृषण, अधिवृषण, शुक्रवाहिनी. मग डाव्या बाजूला पेन्सिल टेकवून म्हणाला, "आई, प्रॉब्लेम इथे आहे. माझ्यात. हिच्यात काही कमी नाही."

मला तेव्हा तो इतका आवडला की काय सांगू.

सासूबाईंनी चष्मा लावला. मला वाटलं, आता रडतील नाहीतर उठून जातील. त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "हे सगळ्याच पुरुषांना असतं?"

"शरीर सगळ्यांचं असंच असतं. बिघाड काहींच्यात असतो."

"म्हणजे तुझ्या वडिलांच्यातही असू शकला असता."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. त्याचा जन्म आईवडिलांच्या लग्नानंतर नवव्या वर्षीचा, हे आम्हा दोघांना माहीत होतं. त्या आधीच्या वर्षांबद्दल घरात कधी कुणी बोललं नव्हतं. सासूबाई आता बोलल्या, अगदी साध्या आवाजात. त्यांना कुठे कुठे नेलं, काय काय पाजलं, बारशाला बोलावणं कसं येईनासं झालं. सासऱ्यांसाठी दुसरी मुलगीही पाहून ठेवली होती. ते बिचारे भले होते, नाही म्हणाले. पण त्यांना तपासावं असं कुणाच्या मनात आलं नाही, त्यांच्या स्वतःच्याही नाही.

मग त्यांनी माझा हात धरला.

"नऊ वर्षं मी माझ्यातच शोधत होते गं," त्या म्हणाल्या.