निघोज्याला न गेलेली गाडी

ते प्रकरण मी विसरलेलो नाही. माझ्या निवृत्तीच्या समारंभात वरिष्ठांनी ते माझ्या तपासकौशल्याचं उदाहरण म्हणून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी गळ्यात हार घालून गप्प बसलो. त्या टाळ्या माझ्या नव्हत्या. म्हणून जे घडलं ते आज लिहितो. नाव कुणाचंच देत नाही.

मी तेव्हा चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. दिवाळी होऊन गेली होती. सकाळची हजेरी संपली, कामाचं वाटप झालं आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलाकडून हवालदारांचा आवाज आला, "खंडेनवमीला बंपर फुटला आन् जाग आली दिवाळी खाऊन? इन्शुरन्सवाले काय मामा लागत्यात का तुझे?"

टेबलासमोर पन्नाशीकडे झुकलेला एक ड्रायव्हर उभा होता. मूळचा बीडकडचा. तळवड्यात एका बाईंचं छोटं वर्कशॉप होतं, त्यांची गाडी तो चालवायचा. खंडेनवमीच्या संध्याकाळी निघोजे फाट्यावर कुठल्यातरी वाहनाशी किरकोळ धडक झाली आणि ते वाहन निघून गेलं, असं त्याचं म्हणणं. क्लेम उशिरा केला म्हणून विमा कंपनीने पोलिसांतली नोंद मागितली होती. असे लोक आमच्याकडे नेहमी यायचे. आमच्या भागात गाडीला गाडी घासली तर दोघं खाली उतरतात, एकमेकांना शिव्या देतात, "जाऊ द्या राव, मिटवून टाकू" म्हणतात आणि शिफ्ट गाठतात. विमा आठवतो तो गॅरेजवाल्याने खर्च सांगितल्यावर. उशीर हा काही गुन्हा नव्हे. मी अर्ज ठेवून घ्यायला सांगितला.

दुपारी एका खबऱ्याचा फोन आला. "साहेब, निघोज्याच्या सायकलवाल्याच्या केसमधे पांढरी गाडी शोधताय ना? तळवड्यात गॅरेजला एक उभीय. पुढचा बंपर गेलाय. ड्रायव्हर सोताच म्हणतोय, खंडेनवमीला निघोज्यात ठोकली."

मी ताडकन उठलो. त्याच संध्याकाळी, त्याच फाट्यावर, शिफ्ट सुटून सायकलवरून घरी निघालेल्या एका कामगाराला पांढऱ्या गाडीने उडवलं होतं. त्याच्या पायाची हाडं मोडली होती. गाडी पळून गेली होती आणि कॅमेऱ्यात नंबर दिसत नव्हता. तपास माझ्याकडे होता, आणि वरून रोज विचारणा होत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ड्रायव्हरला बोलावून घेतलं.

"समोर टेम्पो होता की कार?"

"अंधार पडला व्हता साहेब. टेम्पो... आसंल."

"तुझा पुढचा बंपर फुटला आणि समोर काय होतं ते दिसलं नाही? सायकल होती का रे ती?"

तो दचकला. "न्हाई साहेब! आईशप्पथ, गाडी माणसाला न्हाई लागली."

"मग कशाला लागली?"

 पुन्हा पुन्हा विचारलं तरी तो जमिनीकडे बघत राहिला.

पोलिसाला अनुभवाने एक वाईट सवय लागते. समोरचा खोटं बोलतोय हे कळलं की तो काय लपवतोय हेही आपल्याला कळलं, असं वाटायला लागतं. त्याच्या मोबाइलचं लोकेशन मी मागवलं होतं, ते यायचं होतं. तेवढंही मी थांबलो नाही. माझ्याच वयाच्या त्या माणसाच्या मी कानाखाली वाजवली. त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "मारा साहेब. पर ताईंना हितं बोलवू नका."

झालं. मालकीणबाई गाडीत असणार, हा माझा तर्क पक्का झाला. अटकेचे कागद तयार करायला सांगून मी जेवायला बसलो.

डबा उघडतोय तोवर त्या स्वतःच आल्या. चाळिशीच्या असाव्यात. वर्कशॉपमधला निळा ॲप्रन तसाच अंगात होता. कामगारांकडून कळलं तशा त्या निघाल्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"साहेब, ज्यांना तुम्ही बसवून ठेवलंय त्यांनी काही केलेलं नाही. गाडी मी ठोकली."

"निघोज्याला?"

"निघोज्याला कशाला? माझ्याच शेडच्या खांबाला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पती वारल्यावर वर्कशॉप त्यांनी हातात घेतलं होतं. खंडेनवमीला यंत्रांची, हत्यारांची, गाडीची पूजा त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी स्वतः केली. विधवेने यंत्रांना हळदकुंकू लावायचं हे सासूबाईंना पटलं नव्हतं. दीर तर शेड विकायलाच टपले होते. पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि कामगारांनी आग्रह केला, "ताई, या वर्षी लिंबू तुम्हीच चिरडा." त्या गाडी शिकत होत्या, पण लायसन नव्हतं. स्टीअरिंगवर बसल्या, पाय जरा जास्त दाबला गेला आणि गाडी उसळून खांबावर आदळली.

"सगळे हसले, साहेब. मीसुद्धा. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली, सासूबाई प्रसादाला आल्या होत्या. हिच्या हातची पूजा अपशकुनी, हेच मग जन्मभर ऐकलं असतं. दिरांना आयतं कारण मिळालं असतं. पोरांनी पटकन बंपरवर झेंडूचा हार टाकला. दुसऱ्या दिवशी खांब रंगवला."

बंपर त्यांनी तारेने बांधून चालवला. दिवाळीत तो निखळलाच. लायसन नसताना क्लेम बसणार नव्हता. तेव्हा ड्रायव्हरच म्हणाला, "माझं नाव लावा ताई. निघोज्याचा रस्ता माझा रोजचाच हाय." त्या संध्याकाळी तिथे खरंच कुणाला गाडीने उडवलंय, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "हे लिहून दिलंत तर क्लेम खोटा होता हे कबूल होईल. तुमच्यावर केस होऊ शकते. सासरीही कळेल."

"कळू दे. ड्रायव्हरदादांच्या लेकरांनी बापाला गजाआड बघायचं, आणि मी तिकडे यंत्रांना फुलं वाहायची?"

आम्ही शेडवर जाऊन पंचनामा केला. सगळे खांब तेलकट, एकच गुडघ्यापर्यंत ताजा पिवळा. रंग खरवडला तर खाली बंपरच्या उंचीवर खड्डा आणि त्यात गाडीचा पांढरा रंग. कामगारांचे जबाब घेतले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. लिंबू चिरडून पूजा पुरी झाली की पूजलेल्या वस्तूला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, ही त्या शेडची सासऱ्यांपासूनची रीत. गाडी त्या संध्याकाळी फाटकाबाहेर गेलीच नव्हती. आमच्या ठाण्यातही शस्त्रपूजा होते. तरी सणाच्या दिवशी गाडी कुठे होती, हे शेडवर जाऊन विचारावं असं मला सुचलं नव्हतं. पुढे लोकेशनही तळवड्याचंच आलं. सायकलवाल्याला उडवणारी गाडी दुसऱ्या ठाण्याने पकडली. बाईंनी क्लेम लेखी मागे घेतला, विमा कंपनीने समज देऊन विषय मिटवला.

बाहेर मात्र बातमी झाली की साहेबांनी खांब खरवडून निरपराध माणूस सोडवला. ड्रायव्हरला सोडताना मी फक्त "जा आता" म्हणालो होतो.

निवृत्तीनंतर मी थेरगावात राहायला आलो. मध्यंतरी डांगे चौकात भाजी घेताना मागून हाक आली, "साहेब, वळखलं का?" तोच होता. मी पिशवी खाली ठेवली. "त्या दिवशी मी तुमच्यावर हात उचलला. चुकलं माझं."

"लागली व्हती बघा जोरात," तो हसत म्हणाला. "जेवताना दाढ दुखायची. पर ताई बोलल्या त्ये बरं झालं. सासूबाई लई दिवस अबोला धरून बसल्या, मग सोताच म्हनल्या, पुढच्या खंडेनवमीला मला न्यायला ये. आता नारळ त्याच फोडत्यात."

"आणि गाडी?"

"ताईच चालवत्यात. लायसन हाय आता. मी शेजारी बसून देवाचं नाव घेतो."

आम्ही दोघं भर बाजारात हसलो.

निरपराध माणसाला पोलिसांनी वाचवल्याच्या गोष्टी लोकांना आवडतात. इथे त्याला माझ्यापासून वाचवायची वेळ आली होती, आणि घर, शेड, अब्रू पणाला लावून ते काम एका बाईंनी केलं. एका माणसाच्या संसाराची राखरांगोळी माझ्या हातून होता होता राहिली, ती त्यांच्यामुळे. त्यांचे उपकार मी विसरू शकत नाही. आणि त्या ड्रायव्हरचेही. मला बरं वाटावं म्हणून तो "काही नाही साहेब" म्हणू शकला असता. तसं न म्हणता त्याने खरं सांगितलं, आणि तरीही हसला. नोकरीत मी असंख्य जबाब नोंदवले. "लागली होती जोरात" हा जबाब राहून गेला होता, तो आज नोंदवला.