मण्यांचा ब्लाउज

सकाळी मशीनखाली झाडताना काचेचा मणी पायाला टोचला आणि मी मनानं थेट तेलगावच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन पोचले.

तेव्हा मी नवी सून होते आणि सासूबाई मला शिवण शिकवत होत्या. शेजारच्या सुनंदाच्या लग्नाचा मण्यांचा ब्लाउज शिवायला आला होता. शिलाईच्या जागेवरचे मणी आधी पकडीनं फोडावे लागतात, नाहीतर सुई मोडते. "मणी फोड, दोऱ्याला हात लावू नको," असं त्या दोनदा बोलल्या, कारण सगळे मणी एकाच दोऱ्यात ओवलेले असतात. मला कुठला धीर! मी कात्रीनं दोराच कापला.

दुसऱ्या दिवशी सुनंदा ब्लाउज घालून आरशापुढं वळली आणि मणी टपटप फरशीवर पडायला लागले.

"आसं कावून झालं?" तिची आई ओरडली.

सासूबाई खाली बसून मणी वेचत म्हणाल्या, "माजी नजर लई कमी झालीया. दोरा माज्याच हातून कापला."

तेव्हा मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं. पण त्यानंतर नवरीचा ब्लाउज त्यांच्याकडं कुणी आणला नाही. माझा हात बसत गेला, तसे सगळे माझ्याकडं यायला लागले.

आजही कुणी ब्लाउज घालून आरशापुढं वळली, की मी आधी फरशीकडं बघते.