मागच्या दाराने घरमालक, पुढच्या दाराने उमेदवार

आमच्या घरमालकांइतका सभ्य माणूस मी पाहिला नाही, आणि सभ्यपणाने मला इतकं अडचणीतही दुसऱ्या कोणी आणलं नाही. इंग्लंडमधल्या मेडनहेडजवळच्या त्या खेड्यात नजर पोचेल तिथवरची शेतं त्यांची, आम्ही भाड्याने राहत होतो ते कॉटेज त्यांचं, आणि कौन्सिलमधली गावची जागा आजोबांपासून त्यांच्याच घरात. फिरायचे मात्र कोपरांना ठिगळं लावलेल्या कोटात. दोन हजार तीनमध्ये आम्ही राहायला आलो, तेव्हा देखभालीचा माणूस समजून मी त्यांच्या हातात बॅगा दिल्या. त्यांनी त्या निमूट वर नेऊन ठेवल्या आणि मगच घरमालक म्हणून हात पुढे केला.

घरमालक आणि उमेदवार यांची गल्लत त्यांना अजिबात खपायची नाही. घरमालक मागच्या दाराने यायचे, उमेदवार पुढच्या. निवडणुकीआधी एकदा ते मागून येऊन बॉयलर बघून गेले आणि पाच मिनिटांत पुढची बेल वाजली. छातीवर पक्षाचं रिबिनीचं फूल लावून तेच उभे! त्यांनी नावासकट नव्याने ओळख करून दिली. मी आत बोलावलं तर दचकलेच. "छे, छे! भाडेकरूच्या घरात बसून मत मागणं म्हणजे दमदाटीच की!"

मला मत आहे हेही त्यांनीच सांगितलेलं. मी पुण्याहून कामाच्या व्हिसावर आलेला, स्वतःला पाहुणाच समजत होतो. पण भारतासारख्या कॉमनवेल्थ देशाच्या नागरिकाला इथे मत देता येतं, म्हणून त्यांनी स्वतः मतदार नोंदणीचा फॉर्म आणून दिला. "अरे, भर ना, कौन्सिलला पोस्टच तर करायचाय," बायको म्हणाली. मी भरला, आणि मत दिलं त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या बाईंना. बाई गावात बस आणणार होत्या. आमच्या घरमालकांना तो खर्च नको होता, आणि बायकोला गाडी येत नसल्याने ती दिवसदिवस घरात अडकून पडायची.

ते एका मताने पडले. दोनदा मोजणी झाली, तरी एकच मत. तीन पिढ्यांची जागा माझ्या एका फुलीने घालवली, या विचाराने मला अन्न गोड लागेना. रविवारी सकाळी जाऊन मी सगळं सांगून टाकलं. ते अंगणात कुत्र्याच्या पायांचा चिखल पुसत होते.

"तुमच्यामुळे नाही हो," ते म्हणाले. "माझ्याच मताने पडलो. स्वतःला मत देणं आमच्या घरात असभ्य मानतात. माझे वडीलही समोरच्यालाच द्यायचे. मीही बाईंनाच दिलं." मग एकदम गंभीर झाले. "आणि मत कोणाला दिलं हे असं कोणाला सांगायचं नसतं." बोलून झाल्यावर आपणही तेच केलं हे लक्षात आलं असावं, कारण ते कानापर्यंत लाल झाले.

मी हायसं वाटून परतलो. ते खरं होतं, की माझं मन हलकं व्हावं म्हणून सांगितलं, हे विचारायचा धीर मला झाला नाही, आणि दोन वर्षांनी ते गेलेच. आमच्या सगळ्या ओळखीत त्यांच्या तोंडून खोटा शब्द मी कधी ऐकला नव्हता. तो एक खोटा असेल, तर तो माझ्यासाठी होता.