काजांमधलं अंतर

डोळ्यांचा विभाग बंद पडला आणि तिथल्या सगळ्यांत जुन्या सिस्टरची रवानगी हृदयविभागात झाली. पहिल्याच दिवशी तिचं बारसं झालं: डोळेवाली. पन्नाशीला टेकलेली बाई, पण खाटांवरच्या पडद्यांसमोर उभी राहिली की शाळेच्या पहिल्या दिवसासारखी बावरायची. प्रत्येक पडद्यावर एक हिरवी रेघ सरपटत जायची. बाकीच्यांना त्या रेघेत हृदयाचं सगळं बरंवाईट दिसायचं, हिला नुसते उंचवटे आणि खड्डे.

विभागाच्या प्रमुख होत्या मोठ्या सिस्टर. वयाने हिच्याहून लहान, पण अधिकाराने मोठ्या. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं की महिनाअखेरपर्यंत रेघ वाचता आली तर इथे राहाल, नाहीतर औषधांच्या भांडारात खोकी मोजायला जावं लागेल. उभा जन्म आजाऱ्यांच्या उशाशी काढलेली बाई त्या दिवसापासून कॅलेंडरवर दिवस मोजू लागली.

तशात ते ब्रशचं प्रकरण घडलं. खिडकीजवळच्या खाटेवर एक निवृत्त बसड्रायव्हर होते. एका सकाळी त्यांची रेघ अचानक वेडीवाकडी धावू लागली. डोळेवालीने मागचापुढचा विचार न करता धोक्याचं बटण दाबलं. शॉकचं यंत्र घेऊन डॉक्टर धावले, सगळा विभाग धावला. बघतात तर ड्रायव्हरकाका तोंडभर फेस घेऊन खसाखसा दात घासतायत. हाताच्या हिसक्यांनी छातीवरच्या तारा हलत होत्या, दुसरं काही नाही. डोळे असून आंधळी, असं कुणीतरी मागून पुटपुटलं, हशा पिकला आणि तिने तो ऐकला.

मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत. आधी माणूस बघत जा, म्हणाल्या. आणि ब्रशच्या गिचमिडीतही खरे ठोके डोकावत असतात, ते शोधायला शिका. मात्र जाता जाता बजावलं की असं पुन्हा झालं तर आपल्यालाही काही करता येणार नाही.

तिचा नवरा शिंपी. ती वेडी रेघ छापलेली कागदाची पट्टी घेऊन ती घरी रडवेली होऊन बसली, तेव्हा त्याने शर्टाची बाही बाजूला ठेवली आणि चष्मा नाकावर ओढला. नीट धावणाऱ्या भागातल्या दोन सुळक्यांपाशी कागदाची कड धरून त्याने पेन्सिलीने खुणा केल्या. मग कागद हळूहळू पुढे, गिचमिडीत सरकवला. दर वेळी खुणेखाली एक बारीक सुळका सापडत गेला.

"अगं, ही काजं आहेत," तो म्हणाला. "कापड कितीही चुरगळू दे, काजांमधलं अंतर बदलत नाही. आधी काजं शोध."

सांगितलं मोठ्या सिस्टरनीही तेच होतं. पण काज म्हटल्यावर ते तिच्या डोक्यात शिरलं. त्यानंतर ती येताजाता काजं शोधू लागली.

ड्रायव्हरकाकांना घरी सोडायचा दिवस उजाडला. सकाळी त्यांनी ब्रश मागून घेतला आणि खाटेभोवतीचा कापडी पडदा ओढला. चारचौघांत दात घासायची त्यांना लाज वाटायची. थोड्याच वेळात सिस्टरांच्या टेबलावरच्या पडद्यावर त्यांची रेघ पिसाटल्यासारखी उसळू लागली.

"तुमचे काका दात घासतायत," शेजारची सिस्टर मान वर न करता म्हणाली.

डोळेवालीने छापून निघालेली पट्टी फाडली, कागदाची कड लावली, सरकवली. काज नाही. पुन्हा सरकवली. एकही काज नाही. की आपल्यालाच दिसत नाही? बटणावर नेलेला हात तिने मागे घेतला. भांडारातली खोकी डोळ्यांपुढे आली, तो हशा कानांत आला. मग तिला स्वतःचीच चीड आली आणि ती धावत सुटली.

पडदा सारला. काका उशीला टेकून बसलेले, ओठांवर फेस, मुठीत ब्रश. मूठ अजिबात हलत नव्हती. उशापाशी रेघ मात्र नाचतच होती.

मानेवर बोटं ठेवली. ठोका नाही. बटण दाबून तिने त्यांना आडवं केलं आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला लागली. माणसं आली, यंत्र आलं. तिला मागे ओढून डॉक्टरांनी शॉक दिला. रेघ सपाट झाली. एक सुळका आला. मग काहीच नाही. मग दुसरा, तिसरा, आणि हळूहळू सारख्या अंतरावर येऊ लागले.

काही वेळाने काकांनी डोळे उघडले. मुठीतला ब्रश तिने सोडवून घेतला तेव्हा ते कुजबुजले, "एकच बाजू झालीय."

मोठ्या सिस्टर तिच्याजवळ आल्या. विचारायच्या आधीच तिने सांगून टाकलं, "सिस्टर, मी कागद सरकवत बसले. त्यात वेळ घालवला. आधी माणूस बघायला हवा होता."

"हो," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "पुढच्या वेळी आधी धावा, ताई."

आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. ती फेसाळलेला ब्रश हातात धरून तशीच उभी राहिली. पुढच्या वेळी म्हणजे काय, हे तिला जरा उशिरा कळलं, आणि मग ती काकांच्या खाटेशीच ओक्साबोक्शी रडली.