फाटकाजवळचा फळा

आमच्या विद्यापीठाच्या फाटकाजवळ एक फळा आहे. त्यावर रोज सुविचार लिहायचं काम आस्थापना विभागातल्या एका बाईंकडे आहे. त्या सिन्नरहून येतात. सुविचारांचा त्यांना मनापासून कंटाळा. "सर, ते वाचून कोण सुधारलंय का?" असं म्हणून त्या बातम्याच लिहितात. 'आंब्याखाली गाडी लावू नका, कैऱ्या पडतात.' 'माळीकाकांना नात झाली.' लिहून झालं की मागे सरकून स्वतःच मोठ्यानं वाचतात. मे महिन्यात कॅम्पस ओस पडला तरी यात खंड नाही.

या उन्हाळ्यात आमच्या कुलसचिव साहेबांनी मेस बंद केली. वसतिगृहात थांबलेल्या मुली बिस्किटांवर दिवस काढू लागल्या. फळ्यावर आलं, 'मेस बंद. मुली उपाशी.' साहेबांनी चिडून ते स्वतः पुसलं. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य, आणखी मोठ्या अक्षरांत.

मी हळूच म्हणालो, "बाई, जपून. बदली करतील तुमची."

"करू द्या की. तिथंबी एखादा फळा असंलच."

साहेब पुसत राहिले, बाई लिहीत राहिल्या. शेवटी मेस उघडली. आता तरी बाई साहेबांचे आभार मानतील, असं मला वाटलं.

फळ्यावर होतं, 'मेस सुरू झाली. आमटीत मीठ नाही.'