चौदा नंबरच्या पेटीतलं बाळ

तुळजाबाईंचा तेरावा झाल्यावर त्यांची सून श्रद्धा एक कागद घेऊन माझ्याकडे आली. "रेशनकार्डाच्या पिशवीत सापडला. सगळा इंग्रजीत आहे. आईंना काही मोठा आजार होता का?"

तो कागद मीच तुळजाबाईंना दिला होता.

धायरीच्या तुळजाबाई पुण्यातल्या आमच्या संस्थेत सव्वीस वर्षं उत्खननातली हाडं साफ करत. नोंदवही माझ्याकडे असे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी उत्खनन झालेल्या वस्तीतले लोक दगावलेलं तान्हं मूल मडक्यात ठेवून घराच्या जमिनीखाली पुरत. तुळजाबाई मऊ ब्रशने माती काढून ती हाडं पेटीत मांडत. पुढे डीएनएवरून माणसं कुठून आली, कुठे पांगली याचा शोध सुरू झाला आणि हातमोजे सक्तीचे झाले. हाडांत कुणाचा डीएनए मिसळला तर ओळखता यावा म्हणून ती हाताळणाऱ्या प्रत्येकाची लाळही तपासून ठेवली होती.

फेब्रुवारी २०१९ मध्ये चौदा नंबरच्या पेटीचा निकाल आला. प्रयोगशाळेतली सृष्टी हसत म्हणाली, "तुळजाबाई, मोजे काढले होते ना? आईकडून मुलाला जाते ती खूण या बाळात तंतोतंत तुमची आलीय. कागदावर हे तुमचंच बाळ."

तुळजाबाई हसल्या नाहीत. "काढले होते. एवढ्याशा जिवाला रबराचा हात कसा लावायचा?"

नमुना बाद झाला. पुन्हा तपासण्याइतकं हाड उरलं नव्हतं. विभागप्रमुख शांतपणे म्हणाले, "साडेतीन हजार वर्षं टिकलं, तुमच्या हातात एक दुपार टिकलं नाही." दुसऱ्या दिवसापासून तुळजाबाईंना ग्रंथालयात झाडायला पाठवलं.

जाण्याआधी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "बाई, त्या कागदाची एक प्रत द्याल? माझी थोरली दोन महिन्यांची गेली. ओढ्याकाठी पुरली. तिथं आता बिल्डिंगचं पार्किंग हाय. बारसं झालं नव्हतं, दाखला काढला नाही. तिचा कागदच नाही कुठं."

नियमात बसत नव्हतं. मी प्रत काढून दिली आणि घरी येऊन रोजनिशीत तसं लिहिलं.

"आजार नव्हता," मी श्रद्धाला म्हटलं. "तुझ्या नवऱ्याला मोठी बहीण होती. हा तिचा कागद."

श्रद्धाला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिने कागद पुन्हा उलगडून माझ्यासमोर धरला. मग म्हणाली, "यात तिचं नाव कुठे आहे?"

मी 'पेटी १४' वर बोट ठेवलं.